चुन्याची निवळी

इस्रायलमधल्या लोद गावात एलिएझर झिराडकरचं कौतुक करणार नाही असा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेला ज्यू माणूस शोधूनही सापडला नसता. विमानतळावर विमानांची चाकं आणि ब्रेक दुरुस्त करणारा कसबी कारागीर, सिनेगॉगमध्ये पहिल्या रांगेत बसणारा, कुणाच्याही मयताला सगळ्यांआधी पोहोचणारा, चारचौघांत आवाज कधी न चढवणारा. वर पुन्हा घरात समुद्र पाळणारा. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भिंतभर काचेची टाकी होती आणि तिच्यात जिवंत प्रवाळ होते. जेवायला आलेले पाहुणे हात धुवायचं विसरून तिच्यापुढे उभे राहायचे. बायका योखेवेदला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, आमचे नवरे पत्ते कुटत बसतात. योखेवेद हसायची आणि वाढायला घ्यायची. भर जुलैच्या उकाड्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचा झगा का घालते, हे त्यांच्यातल्या एकीनंही कधी विचारलं नाही. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, ते त्यांना नको होतं.

एलिएझरची गोष्ट लोकांनी पुष्कळ सांगितली. ही योखेवेदची आहे.

ती ठाण्याची. टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत वाढलेली, नऊ वर्षांची असताना आईबापांबरोबर विमानात बसून इथं आली. शाळा जेमतेम झाली. बाविसाव्या वर्षी लग्न करून ती लोदला आली आणि म्हाताऱ्यांच्या आश्रमातल्या धोबीखान्यात लागली. दिवसभर चादरी उकळायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. पाण्याशी तिचं जुनं नातं होतं असं म्हणायला हरकत नाही, पण ते साबणाच्या पाण्याशी. समुद्राच्या पाण्यात काय काय असतं आणि ते किती असावं लागतं, हे तिला पंचाण्णव साली कळलं. त्या साली एलिएझरनं टाकी आणली.

लोकांना वाटायचं, टाकी म्हणजे शांतता. काचेला नाक लावून पाच मिनिटं उभं राहिलं असतं तरी भ्रम फिटला असता. आत सगळा मारामारीचा बाजार होता. मऊ, फुलासारखा दिसणारा प्रवाळ अंधार पडला की लांब तंतू सोडायचा आणि शेजारच्याला भाजून काढायचा. सकाळी शेजाऱ्याच्या अंगावर पांढरा चट्टा. बोटाएवढा निळा मासा कोपऱ्यात राज्य करायचा आणि नव्या माशाचे कल्ले फाडायचा. खडकात लपलेली एक कोळंबी गोगलगायींचे शंख फोडायची, त्याचा टक्क आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. एलिएझरला ते बघायला फार आवडायचं. तो खुर्ची ओढून बसायचा आणि कोण कुणाला खातंय ते शिराला, आपल्या मुलीला, समजावून सांगायचा. शिरा लहान होती तोवर बघायची. मोठी झाल्यावर आपल्या खोलीत जाऊन दार लावू लागली.

आणि हे सगळं जगायचं ते पाण्यावर. प्रवाळ म्हणजे दगड बांधणारा जीव. त्याला पाण्यात कॅल्शियम हवं, आणि ते दगडात बसवायला पाण्यात क्षारपणा हवा. रोज तो दोन्ही खातो, म्हणून रोज दोन्ही भरावं लागतं. कमी पडलं तर तो आक्रसतो, एकदम जास्त झालं तर जळतो. एलिएझरनं एका इंग्रजी मासिकात वाचलं की त्यावर उपाय चुन्याचं पाणी. चुना म्हटल्यावर योखेवेद म्हणाली, म्हणजे निवळी की. तिची आजी अशक्त पोरांना पाजायची. चुना पाण्यात कालवायचा, झाकून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी तेवढं अलगद काढायचं. खालचा गाळ ढवळायचा नाही, तो कातडी भाजतो. एलिएझरनं तेल अविवच्या एका रसायनांच्या दुकानातून शुद्ध चुन्याचा डबा आणला. टाकीच्या वर फळी ठोकली, फळीवर बादली ठेवली, बादलीतून बारीक नळी खाली सोडली आणि नळीला सैलसर गाठ मारली, म्हणजे निवळी थेंबथेंब पडेल. महिन्याभरात प्रवाळांना नवी टोकं फुटली. एलिएझरनं सगळ्यांना सांगितलं की ही आमच्या योखेवेदची अक्कल. तिला फार बरं वाटलं होतं. तो दिवस तिनं पुढं कितीतरी वर्षं जपून ठेवला, बिचारीनं.

पहिला हात त्याआधीच उठला होता, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. पण ते अधूनमधून असायचं. टाकी आली आणि त्याला रोजचं निमित्त मिळालं.

एकदा तो महिनाभर लष्कराच्या राखीव सेवेत गेला. उन्हाळा होता. टाकीतलं पाणी वाफ होऊन खाली गेलं, की योखेवेद मीठ कालवलेलं पाणी वर ओतायची. समुद्र आहे, तर समुद्राचं पाणी घालावं, असं तिला वाटलं, कुणालाही वाटेल. पण वाफ होतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. महिन्यात टाकी खारट होत गेली आणि प्रवाळांनी अंग आत ओढून घेतलं. एलिएझर गणवेशातच टाकीपुढे उभा राहिला. त्यानं खारटपणा मोजायचा काटा पाण्यात बुडवून पाहिला, काटा पुसून जागेवर ठेवला आणि मग योखेवेदचा डावा हात धरून असा पिरगाळला की मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तो ओरडला नाही. शेजारी ऐकतील असं तो काही करत नसे.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं. योखेवेद म्हणाली, घरात टाकी आहे, फरशी ओली होती, घसरले. डॉक्टरनं मान हलवली. त्यानंतर बरगडीला, भुवईला आणि एकदा दाताला हेच उत्तर पुरलं. घरात पाणी असलं की सोय होते.

प्लास्टर निघाल्यावर योखेवेदनं ठरवलं की पाणी आपण शिकायचं. आणि ती शिकली, मन लावून शिकली. काचेच्या बारीक नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. निळ्याचं पिवळं व्हायला किती थेंब लागले यावरून क्षारपणा कळतो, गुलाबीचं निळं व्हायला किती लागले यावरून कॅल्शियम. पहाटे दिवे लागायच्या आत पीएच सगळ्यांत खाली असतो, निवळी तेव्हा सोडायची. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, तेही नळाचं नाही, गाळणीतून उतरलेलं. कामावर निघायच्या आधी ती हे सगळं उरकायची. एलिएझर पाळी संपवून आला की बूट काढायचा आणि थेट टाकीकडे जायचा. झाकण उचलून वास घ्यायचा, प्रवाळ किती फुललेत ते बघायचा. मग मान वळवून तिच्याकडे बघायचा. त्या दोन बघण्यांच्या मधे योखेवेदचा श्वास अडकलेला असायचा.

पाणी नीट असलं की बहुतेक वेळा संध्याकाळ नीट जायची. या 'बहुतेक'वर तिनं आपलं सगळं आयुष्य टांगलं होतं. पाणी बिघडतं म्हणून तो बिघडतो, असा तिचा हिशेब. एकदा सगळे आकडे चोख होते, प्रवाळ ताटाएवढे फुलले होते, आणि तरीही आमटीत मीठ कमी म्हणून त्यानं तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सुजलेल्या डोळ्यानं पुन्हा पाणी तपासायला बसली. एकामागून एक सगळ्या चाचण्या केल्या. शेवटी नायट्रेट किंचित वर गेलेलं सापडलं. तिला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं. माराचं कारण सापडलं म्हणून हायसं वाटणाऱ्या बाईला भाबडी म्हणावं की काय म्हणावं; पण ज्यानं तसा मार खाल्ला नाही त्यानं म्हणूच नये.

शिराला हे कळत होतं. ती आता पंधरा वर्षांची झाली होती. आई मराठीत बोलायची आणि ती हिब्रूत उत्तर द्यायची. एकदा तिनं आईला सरळ विचारलं की आपण पेर्ल मावशीकडे रामला गावी का जात नाही. योखेवेद म्हणाली, "आणि पाणी कोण बघेल?" शिरानं आईकडे असं काही बघितलं की योखेवेदला लाज वाटली, पण का वाटली ते तिचं तिलाच उमगलं नाही.

दोन हजार एक सालचा किप्पूर सप्टेंबरच्या अखेरीस आला. उपासाचा दिवस, वर्षभराच्या पापांचा झाडा द्यायचा दिवस. जुनी माणसं अजून त्याला दारफाळणीचा सण म्हणतात, कारण कोकणातल्या गावांत आपली मंडळी त्या दिवशी दारं लावून घेत, बाहेरच्या कुणाशी बोलत नसत, कुणाला शिवत नसत. इथं अख्खा देशच बंद. रस्त्यावर गाडी नाही, दुकान नाही, रेडिओ नाही. आग पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, लिहायचं नाही, काम म्हणून बोट उचलायचं नाही. टाकीचे दिवे आणि पंप घड्याळाच्या बटणावर आदल्या दिवशीच लावून ठेवलेले असत. निवळीची बादलीही सण लागायच्या आत भरून ठेवावी लागे.

ती नेहमी योखेवेद भरायची. त्या वर्षी एलिएझर म्हणाला, मीच भरतो. उकाडा भयंकर होता, पाणी झपाट्यानं उडत होतं, जास्त निवळी लागेल, आणि तुला जास्तीचं प्रमाण कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. उपासाआधीचं जेवण आटपून, पांढरे कपडे घालून त्यानं घाईघाईत चुना कालवला. गाळ बसायला वेळच नव्हता. नळीचं टोक बादलीच्या तळापर्यंत गेलं आणि गाठ घाईत फारच सैल बसली. योखेवेदनं ते पाहिलं. बोलावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. मग सूर्य कलला, आणि रिवाजाप्रमाणे तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ कर. दरवर्षी तो हे म्हणायचा आणि दरवर्षी ती माफ करायची. एका वर्षी हात गळ्यात बांधलेला असताना केलं होतं. तिनं माफ केलं, आणि गाठीचं बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना झाल्यावर योखेवेद घरी परतली. पुरुष सिनेगॉगमध्येच होते. शिरा मैत्रिणींबरोबर रिकाम्या हमरस्त्यावर सायकल फिरवायला गेली होती. किप्पूरला इथली सगळी पोरं तेच करतात. घरात सामसूम. पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही, खिडक्यांतून धग. ती बैठकीच्या खोलीत आली आणि तिला दिसलं की नळीची गाठ सुटली आहे. थेंब नव्हते, धार होती, आणि ती निवळीची नव्हती, गाळाची होती. दुधासारखा पांढरा ढग टाकीच्या डाव्या कोपऱ्यातून पसरत होता. त्या बाजूचे प्रवाळ मिटले होते. निळा मासा आडवा होऊन तोंड उघडत-मिटत होता.

तिला आज बोट लावायचं नव्हतं. ठाण्याला आजीच्या मांडीवर बसल्यापासून एकही किप्पूर तिनं मोडला नव्हता. पण ढग पसरत होता, आणि टाकी मेली तर संध्याकाळी काय होईल हे तिला त्या ढगापेक्षा स्वच्छ दिसत होतं. देवाची माफी मागता येईल, तिनं विचार केला. तिनं खुर्चीवर चढून नळी बाहेर काढली, बादली खाली उतरवून फरशीवर ठेवली, आणि हवा लागावी म्हणून टाकीचं झाकण बाजूला केलं. मग ती काचेपुढे उभी राहिली. हळूहळू ढग विरला. कोपऱ्यातले दोन-तीन प्रवाळ गेले होते, पण बाकी टाकी वाचली होती. निळा मासासुद्धा सरळ झाला. योखेवेदला रडू आलं. आज तरी तो बरं म्हणेल, असं तिला मनापासून वाटलं.

दुपारच्या प्रार्थनेआधीच्या मधल्या वेळेत एलिएझर घरी आला. कॅनव्हासचे बूट काढले, टाकीकडे गेला. मग त्याला फरशीवरची बादली दिसली.

तिनं सगळं सांगितलं. गाठ सुटल्याचं सांगताना तिनं आवाज शक्य तितका हलका ठेवला, कारण गाठ त्याची होती. त्यानं ऐकून घेतलं. घामेजलेला, उपासानं पांढरा पडलेला त्याचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

"किप्पूरच्या दिवशी तू हात लावलास," तो म्हणाला.

"सगळं मेलं असतं."

"मरू दे. जीव जात असेल तरच सण मोडता येतो. माणसाचा जीव. तिथं काय माणूस बुडत होता?"

त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती खुर्चीवर पडली, खुर्चीसकट खाली आली. तो लाथा घालतच राहिला, पायांवर, पाठीवर, न बोलता, आणि प्रत्येक लाथेनंतर दम खात होता. ती भिंतीचा आधार घेत टाकीपाशी उठून उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "गाठ तू मारलीस, एलिएझर."

त्यानं बादली उचलली. तीच, जिला आज हात लावणं पाप होतं. तळाशी राहिलेला सगळा गाळ त्यानं तिच्या तोंडावर फेकला.

चुना डोळ्यांत गेला की काय होतं ते सांगण्यासारखं नाही. तिला वाटलं, कुणी डोळ्यांत निखारे भरून वरून पापण्या शिवल्या. पाणी, एवढंच तिला सुचलं. न्हाणीघर पलीकडच्या टोकाला, वाट दिसत नव्हती. टाकी मात्र हाताशी होती आणि उघडी होती. योखेवेदनं काचेची कड चाचपली आणि तोंड आत बुडवलं.

तिनं बोटांनी पापण्या ओढून डोळे पाण्यात उघडले. खारं पाणी आत शिरलं, आग किंचित मागं हटली. हिरवं, जांभळं काहीतरी हललेलं दिसलं. तिनं मान इकडून तिकडे हलवली, पुन्हा पापण्या ओढल्या. श्वास संपत आला तरी ती बाहेर येत नव्हती.

मग तिचे केस कुणीतरी मुठीत धरले आणि तिला बाहेर ओढलं. क्षणभर तिला वाटलं, एलिएझर मदतीला आला. आता तो आपल्याला न्हाणीघरात नेईल.

"पाणी!" तो ओरडत होता. शेजारी ऐकतील याची त्याला आज पर्वा नव्हती. "चुना जातोय पाण्यात! पाणी मरेल!"

ती पुन्हा वाकली. त्यानं पुन्हा ओढलं, या वेळी कपाळ काचेच्या कडेवर आपटलं आणि रक्त पाण्यात गेलं. तिसऱ्यांदा ती वाकू लागली तेव्हा त्यानं तिला जमिनीवर फेकलं आणि तो जाळी शोधायला लागला, पाण्यावरचे चुन्याचे कण काढायला.

फरशीवर पडल्या पडल्या योखेवेदला सगळं कळलं. डोळ्यांत आग होती, दिसत काही नव्हतं, आणि तरी कळलं. पाणी बिघडतं म्हणून हा बिघडत नव्हता. एवढी वर्षं तिनं थेंब मोजले, रंग पाहिले, पहाटे उठून गोडं पाणी घातलं, आणि पाण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. तिला स्वतःची एवढी चीड आली की वेदना मागे पडली.

तेवढ्यात शिरा आली. दार उघडं होतं. तिनं बघितलं ते असं: आई फरशीवर, तोंड पांढरं, वर रक्ताच्या रेघा, आणि बाप पाठमोरा, बाह्या वर करून टाकीतून जाळीनं काहीतरी काढतोय. शिरा किंचाळली नाही. तिनं आईला काखेत धरून उभं केलं, न्हाणीघरात नेलं, आतून कडी लावली आणि फवारा पूर्ण उघडून तिच्या डोळ्यांवर धरला. बाप दार ठोठावत होता, म्हणत होता की गाळणी आत आहे, मला बादलीभर गोडं पाणी हवंय, उघड. शिरानं एका हातानं आईच्या पापण्या उघड्या धरल्या आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. रिकाम्या रस्त्यांवरून रुग्णवाहिका फार लवकर आली.

रुग्णालयात तिचे डोळे कितीतरी वेळ धूत होते. डॉक्टर म्हणाली, पहिल्याच क्षणी पाण्यात डोळे उघडलेस म्हणून उजवा वाचेल. डाव्याबद्दल तिनं काही सांगितलं नाही. मग दोन्हींवर पट्ट्या बांधल्या. योखेवेद अंधारात पडून राहिली, शिराचा हात हातात धरून. फासळ्यांत प्रत्येक श्वासाला कळ उठत होती.

थोड्या वेळानं पावलांचा आवाज आला. तिनं तो ओळखला. एलिएझर चालत आला होता. किप्पूरला तो गाडीत बसत नसे. त्यानं शिराला बाहेर जायला सांगितलं. शिरा हलली नाही. मग त्याला जणू ती दिसेनाशी झाली, आणि तो योखेवेदच्या कानाशी वाकून मराठीत बोलू लागला, अगदी मऊ आवाजात.

"टाकी वाचली," तो म्हणाला. "अर्धं पाणी बदललं मी. पीएच उतरला. पोलीस आले तर सांग, बादली सांडली म्हणून."

सण मोडला म्हणून बायकोच्या तोंडावर चुना फेकणाऱ्या माणसानं त्याच सणाला मीठ कालवलं होतं, पंप लावला होता, थेंब मोजले होते. आणि हे तो तिला बातमी म्हणून सांगत होता, ती खूश होईल अशा खात्रीनं.  तो वाट बघत राहिला. मग त्यानं विचारलं, निवळी परत किती दिवसांनी सुरू करावी. योखेवेदनं तोंड शिराकडे वळवलं, तेव्हा त्याचा हात तिच्या मोडलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या मनगटावर आला आणि हळूच, फक्त तिलाच कळेल इतपत, आवळला गेला.

दारात बूट वाजले. बाईचा आवाज आला, हिब्रूत. ती पोलिसातली होती, नाव ओरिट. तिनं एलिएझरला बाहेर थांबायला सांगितलं. तो जाताना म्हणाला की बिचारीचा अपघात झाला, घरी टाकी आहे, तिला आज उगाच त्रास देऊ नका, पवित्र दिवस आहे. आवाज तोच, सिनेगॉगमधला. दार लागलं.

ओरिट खुर्ची ओढून बसली. ती थकलेली वाटत होती, उपासानं तिचाही आवाज सुकला होता. ती म्हणाली, "हे बघ, मीही पाळते. अपघात असेल तर मी आज पेन उघडत नाही, संध्याकाळी तारे निघून सण सुटला की येऊन लिहीन. माणसाच्या जिवाला धोका असेल तर आत्ता लिहिते. तसं लिहिणं पाप नाही. तुझा नवरा अपघात म्हणतो. तू सांग."

योखेवेदच्या जिभेवर ते उत्तर तयार होतं. इतक्या वेळा दिलेलं की तोंड उघडलं असतं तर आपोआप बाहेर पडलं असतं. आणि ते दिलं की काय होणार हेही तिला माहीत होतं. चार दिवसांनी ती घरी जाणार, उरलेल्या एका डोळ्यानं नळीतल्या पाण्याचा रंग बघणार, संध्याकाळी श्वास धरून उभी राहणार. दाराबाहेर तो उभा होता; कॅनव्हासच्या बुटांची चुळबुळ तिला ऐकू येत होती.  शिराचा हात तिच्या हातात घामेजला होता.

तिला ते केस ओढले गेल्याचं आठवलं. मार तिला सवयीचा होता, त्याचं तिला एवढं काही वाटलं नाही. पण डोळे जळत असताना, तोंड पाण्यात असताना, तिनं वर येताना क्षणभर मानलं होतं की हा आपल्याला वाचवायला आलाय. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढून तिनं तेवढं मानलं होतं. 

"पेन उघड," योखेवेद म्हणाली.

ओरिट हलली नाही. "नीट विचार करून सांग. मला ते तुझ्या तोंडून ऐकावं लागेल."

"जिवाला धोका आहे," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, दाराबाहेर जाईल इतक्या मोठ्यानं, आणि या वेळी मराठीतही, म्हणजे ज्याला समजायचं त्याला समजेल. "माणसाच्या. माझ्या."

शिरानं तिचा हात ओठांशी नेला आणि रडायला लागली. बाहेरची चुळबुळ थांबली. ओरिटनं दुसऱ्या पोलिसाला हाक मारून दारातल्या माणसाला जाऊ देऊ नको म्हणून सांगितलं. मग कागदावर पेन टेकल्याचा बारीक आवाज आला, तिनं नाव विचारलं, आणि योखेवेद लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून सांगू लागली.